ढिली नाही, ताणलेली नाही

मंगळवारी धुकं वॉल्विस बेच्या धक्क्यावरून
थेट ऑफिसात आलं, कुणाला न विचारता,
आणि मशीननं काळ्या पडद्यावर एक ओळ लिहिली:
बूट करण्याजोगं काही सापडत नाही.
खाली एक बारीक रेघ, लुकलुकणारी.
त्यापुढे मूग गिळून गप्प.

बंद केलं, सुरू केलं, बंद केलं, सुरू केलं,
किल्ली हरवल्यावर माणूस
तोच खिसा चार वेळा चाचपतो तसं.

विंडहूकहून साहेबांचा फोन:
न्देशी, डिस्क मेली असणार,
केपटाऊनला पाठव, तीन आठवडे लागतील.
तीन आठवडे.
हेक कापणाऱ्या एकशे बारा बायकांचे
जादा तास होते त्या डिस्कवर,
दुसरीकडे कुठेच नव्हते,
आणि शुक्रवार तीन दिवसांवर.

मी बाजूचा पत्रा काढला.
आत वाळवंट. खरंच. पंख्याच्या पात्यांवर वाळू,
जोडणीच्या दातांवर मिठाची हिरवट साय.
ही खाडी मासा देते आणि
बदल्यात धातू खाते.

केबल बदलली. नाही.
दुसऱ्या खोबणीत घातली. नाही.
डीव्हीडीची वीज काढून हिला दिली
(डीव्हीडी कोण बघतंय आता). नाही.
मग मुलाच्या खोडरबरानं दात घासले,
बेडूक छापलेलं हिरवं खोडरबर,
आणि यादीत एकदम डिस्कचं नाव उमटलं.
मी हात काढला. नाव गेलं.
हात लावला. आलं.

म्हणजे मेलं काहीच नव्हतं.
कुठेतरी केसाएवढा सांधा सुटला होता
आणि माझं बोट तेवढी फट भरत होतं.

पेन ड्राइव्हवरून मशीन उठवलं,
शेजारी नवी डिस्क, नक्कल सुरू:
सहा तास दहा मिनिटं.
तासाभरात मनगट थरथरलं,
सगळं पुन्हा शून्यावर.
मी हात टेकले, अक्षरशः, टेबलावर.

दारात रात्रीचा पहारेकरी, एलियासर दाउसाब.
माउसला कधी हात न लावलेला.
तरुणपणी मात्र कंबरेएवढ्या पाण्यात उभं राहून
कॉब धरलेला, रात्र रात्र.
किती घट्ट धरायचं, त्यानं विचारलं.
सांगता येत नाही, मी म्हटलं.
त्यानं दोन बोटांत केबल घेतली, डोळे मिटले.
अस्सं. म्हणजे गळाचीच दोरी.
ढिली सोडली की मासा जातो,
ताणली की दोरी.
मधे एक जागा असते. तिथं बसायचं.

आणि बसला, उलट्या क्रेटवर.
मी कॉफीचा मग त्याच्या ओठांशी धरत राहिले.
एकसष्ट टक्क्यांवर त्याला खोकल्याची उबळ आली,
सगळा देह हलला,
दोन बोटं सोडून.
मधेच म्हणाला, पलीकडून काहीतरी ओढतंय.
मी म्हटलं, काही नाही ओढत,
नुसते आकडे जातायत.
तो म्हणाला, तेच.

चार वीसला शंभर.
सोड आता, मी म्हटलं.
केबल सुटली, बोटं मात्र
तशीच वळलेली राहिली,
हवेतलं काहीतरी धरून.

शुक्रवारी पगार झाले.
गुरुवारीच मी त्याच्या नावापुढे सहा तास मांडले होते.
कामाचा प्रकार विचारणाऱ्या चौकटीत पर्याय चार:
कापणी, भरणी, सफाई, इतर.
मी इतर निवडलं. मग ते पुसलं
आणि लिहिलं: दोरी धरली.

विंडहूकहून विचारणा आलीय,
कसली दोरी?

अजून उत्तर दिलेलं नाही.