लाभार्थी

वकील आवटी म्हणाले, ट्रस्ट म्हणजे
तुम्ही नसताना तुमचा हात.
मी हाताकडं पाहिलं.
सव्वीस वर्षं तासगावला बेदाणा निवडून
बोटं चिकटच राहिलीत, धुतली तरी.

स्टॅम्पवर टाईप झालं: लाभार्थी,
सुखदेव रामू ऐवळे, वय एकोणचाळीस,
बौद्धिक अपंगत्व पंच्याहत्तर टक्के.
उरलेल्या पंचविसाचं कुणी विचारलं नाही.
त्या पंचविसात तो विट्याची गाडी हॉर्नवरून ओळखतो,
मी रुसले की ताटलीतले बेदाणे
माझ्याकडं सरकवतो. मोजून चार.

विश्वस्त भाचा, आणि पतपेढीतले एक साहेब.
महिन्याचं औषध, जेवण, वर्षाला दोन जोड कपडे.
अजून काही? वकिलांनी विचारलं.
म्हटलं, दुधावरची साय काढायची.
दिसली की पेला भिंतीवर जातो.
ते हसले नाहीत. पेनानं लिहिलं, कलम अकरा.

शाईचं पॅड उघडलं तसा सुखदेव पुढं झाला.
लाभार्थ्याची सही लागत नाही, हे सांगेपर्यंत
जांभळे अंगठे माझ्या नावावर, रकमेवर,
सायीवरसुद्धा.

कागद बाद. पाचशेचा नवा आणला.
सांगलीहून परतताना एस्टीत
तो सारखा विचारत होता,
माझा कुठाय, माझा?