शेरा

योकोतेत बर्फ वळचणीला टेकला की
माझी गाडी फाटकाशीच थांबते.
पुढचं चालत, काखेत फाइल,
चौऱ्याहत्तर प्रश्न, सरकारी, कोरडे.

तोमेबाईंनी आज ओठ रंगवलेत.
वय एक्क्याण्णव, पाठ ताठ,
चहा त्यांनीच ओतला, थेंब न सांडता.
सून सातोए त्यांच्या मागे उभी,
नुसती मान हलवते: नाही हो, रोज असं नसतं.

हात वर करता येतो? केला.
जन्मतारीख? सांगितली, वर त्या साली आलेला पूरही सांगितला.
आत्ता ऋतू कोणता?
खिडकीकडे बघून हसल्या,
'एवढं पांढरं दिसत असताना विचारतेस?'
मीही हसले. खूण केली.
मग त्यांनीच विचारलं, जेवलीस का पोरी?
त्याला रकाना नव्हता.

कायदा वाईट नाही. मी त्याचंच खाते.
चाळिशीपासून पगारातून कापलेले येन
इथे आंघोळ होऊन येतात, आठवड्यातून दोनदा,
कठडा होऊन भिंतीला लागतात.
पूर्वी एवढंही नव्हतं.
पूर्वी फक्त सून होती.

पण बर्फ उपसणं सेवेत बसत नाही.
रात्र तर कशातच बसत नाही.

मी बूट घालत होते तेव्हा सातोएनं चिठ्ठी सरकवली,
औषधाच्या पाकिटामागे लिहिलेली:
परवा पहाटे तीनला, मोज्यांवर, अंगणात.
सासऱ्यांना जेवायला हाका मारत होत्या.
त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली.
मी अडुसष्टची आहे. माझी कंबर
पुढे काही नाही. पूर्णविरामसुद्धा.

सगळं मी शेऱ्यात उतरवलं.
शेरा समिती वाचते म्हणतात.
त्याआधी यंत्र खुणा मोजतं
आणि बाईंच्या अख्ख्या दिवसाची मिनिटं काढतं.
महिन्याभरानं पाकीट येईल.
गेल्या खेपेला तिसरी पायरी होती.
ओठांचा तो रंग एका पायरीला पडेल,
हे मला आत्ताच, गाडीची काच खरवडताना, कळतंय.

निघताना आरशात दिसल्या,
दारात, निरोपासाठी कमरेतून वाकलेल्या.
वळणापर्यंत मी बघत राहिले.
त्या वाकलेल्याच होत्या,
आणि सातोए फावडं टाकून
त्यांच्याकडे धावत होती.