रकाना क्रमांक चार

रे रोडला, हरेशच्या झेरॉक्सच्या दुकानात
तासाला तीस रुपये मोजून बसलोय दोघी.
केरूबाईच्या मांडीवर वही,
वहीला सुतळी, सुतळीला पेन.
अठरा वर्षांतली अकरावी वही.

पुरस्कार जिनिव्हाचा. अर्ज इंग्रजीत,
माझं इंग्रजी रात्रशाळेचं.
मी वाचून मराठीत सांगते,
ती बोलते, मी परत इंग्रजीत ओतते,
या भांड्यातून त्या भांड्यात
थोडं सांडतंच.

रकाना एक: संस्थेची स्थापना.
'लिव, ज्या दिवशी आमची भांडी गाडीत टाकली
आन् मी गाडीतच चढून बसले.'
तारीख हवीय, बाई.
'मंगळवार व्हता.'

रकाना दोन: लाभार्थी. फक्त आकडा.
बोटाला थुंकी लावून ती पानं उलटते.
चारशे बारा रेशन कार्डं.
जन्माचे दाखले एकशे सत्तर, त्यातला एक
पन्नाशीतल्या बाप्याचा,
दाखला हातात आल्यावर लाजला होता.
मग बोट थांबतं सलामत अन्सारीपाशी.
कार्ड आलं ते त्याच्या चाळिसाव्याला.
'ह्याला धरायचा का न्हाई?'
मी चारशे अकरा लिहिते. खोडते.
हरेश पंख्याकडे बघत राहतो.

रकाना तीन: नेतृत्व. एकाच व्यक्तीचं नाव.
केरूबाई हसते, पडलेल्या दाताच्या फटीतून.
'एकीनं उचललं, तर त्याला हमाली म्हणत्यात.'

रकाना चार: कार्यालयाचा पत्ता.
इमारत, मजला. शेजारी लाल चांदणी,
म्हणजे भरलंच पाहिजे.
आमचं कार्यालय म्हणजे लाकडाच्या वखारीची भिंत
आणि तिला बांधलेली निळी ताडपत्री.
ज्यांना पत्ताच नव्हता त्यांचे पत्ते आम्ही घडवले:
दिव्याचा खांब सत्तावीस,
तौफिक भंगारवाल्याच्या डाव्या अंगाला,
असं लिहीत राहिलो
शिधावाटपचा साहेब नाही म्हणून म्हणून थकेपर्यंत.

हरेश म्हणतो, माझ्या दुकानाचा टाका ना.
'खोटा पत्ता?
मंग त्या सायबाशी येवढी वर्सं कशापायी भांडलो?'
खांब सत्तावीस, मी टाइप करते.
लाल अक्षरं येतात.
पुन्हा करते. पुन्हा येतात.

'तिकडं किती वाजले?'
दीड, मी बोटांवर मोजून सांगते.
ती स्टूल पुढं ओढते, पदरानं मान पुसते,
शिधावाटपच्या बाकावर बसायची
तशी ऐसपैस बसते.
'मंग सायब जेवाया गेला असंल.
बसू.'