निदान रेषा

एकतीस–एकतीस.
मग पाच-पाच चढायांचाही हिशेब सारखाच निघाला,
सहाला सहा.
टेबलावरच्या नंदेश्वर गुरुजींनी
पेन्सिल कानामागं खोवली, माझ्याकडं पाहिलं:
आता तुम्हीच बघा.

मी गुरांच्या दवाखान्यात व्रणोपचारक,
म्हणजे ड्रेसर.
पंचाचं प्रमाणपत्र जिल्ह्याचं, शिटी स्वतःची.
नियम पाठ होता.
खिशातून दोनाचं नाणं काढलं.
हॅलोजनभोवती किडे,
स्टेजवर बक्षिसाचा कूलर, अजून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला.
कूलर अर्धा करता येत नाही.
खैरगावच्या मुलींनी छापा मागितला,
छापाच आला.

सुवर्ण चढाई.
निदान रेषा ओलांडली तरी गुण,
आणि पहिला गुण म्हणजे सामना.
रजनी आत्राम गेली,
डाव्या कोपऱ्यात टाच रेषेपलीकडं टेकवली,
मागचा पाय हवेत,
आणि परत.
सात सेकंद असतील.
शिटी मीच वाजवली. डफडं दुसऱ्यांनी.

बोरीची कर्णधार, प्रणाली नेवारे,
गुडघ्याची माती झाडत आली.
भांडली नाही.
"आमची पाळी कवा होती जी?"
म्हटलं, पकड करायची होती, तीही संधीच.
"पकड म्हंजे पाळी नसते.
तुमी नाणं फेकलं, तवाच आमी अर्ध्या हरलो."

त्या रात्री ओहायोहून भाच्याचा फोन.
त्याला सांगितलं, तर हसला.
तिकडच्या फुटबॉलातही, म्हणे,
त्या हातात घेऊन पळायच्या फुटबॉलात,
बरोबरी झाली की नाणंच.
आधी ज्याच्या हाती चेंडू, तोच खेळ संपवून मोकळा;
दुसरा बाकावर बसून बघायचा.
ओरड झाली, नियम बदलला,
पुन्हा बदलला, आता दोघांनाही एकेक पाळी.
"मग मिटलं?"
"कुठं मामा! दुसऱ्याला आधीच कळतं
किती लागतात ते.
आता तो फायदा मोजत बसलेत."

मी अंगणात खाट टाकून पडलो.
आमच्या कालव्याचंही तेच.
वरच्या अंगाच्या वावराला पाणी आधी,
खालच्याला उरेल ते.
एक साल पाटकऱ्यानं उलटी पाळी लावली,
खालून वर,
तर वरचे म्हणाले, हा कुठला न्याय?
त्यांनाही आधी येण्याची सवय
हक्क वाटायला लागली होती.

आईचा नियम आठवला तो पहाटेच.
भाकर एक, आम्ही भाऊ दोन.
एकानं मोडायची,
दुसऱ्यानं उचलायची.
काय जपून मोडायचा धाकटा!
जीभ बाहेर, एक डोळा मिटून,
सोनार तोलतो तसा.

जिल्हा संघटनेला पत्र लिहिलं:
सुवर्ण चढाईच्या वेळी
एका कर्णधारानं निदान रेषा कुठं ते ठरवावं,
जवळ की लांब,
दुसऱ्यानं ठरवावं, चढाई घ्यायची की बचाव.
नाणं लागलंच तर
रेष कोण आखणार एवढ्यापुरतं.
उत्तर आलं, दोन ओळींचं.
नियमपुस्तिका पाहावी.

मार्चात प्रणाली दवाखान्यात आली,
काटेरी तारेनं फाटलेली बकरी घेऊन.
जखम धुतली, पट्टी बांधली,
मग चुन्याची पिशवी दिली तिच्या हाती
आणि आवारातल्या धुळीत मध्यरेषा दाखवली.
"आखून दाखव. निवड मी करणार."

ती नेहमीच्या जागी गेली. थांबली.
दोन पावलं मागं सरकली. मग अर्धं पुढं.
चपलेनं रेष पुसली, वीतभर हलवून पुन्हा ओढली.
ऊन पाठीवर होतं,
कंपाउंडर चहा ठेवून गेला, तो निवला.
खूप वेळानं म्हणाली,
"अठी.
आता पयले कोनी बी जाओ,
मले काही फरक नाही पडत."

मी रेषेकडं पाहत राहिलो.
चढाई घ्यावी की बचाव,
मलाही ठरवता येईना.

मागं बकरी पट्टी चावत होती.