मोरीचं पाणी

ते दोघं ओझरला उतरले.
एक बोलायचा, एक नुसता लिहायचा.
आम्हांला धास्ती लिहिणाऱ्याची.

तीन महिने आम्ही भिंती धूत होतो,
सिन्नरजवळ माळेगावात, एमआयडीसीच्या शेवटच्या वळणावर,
जिथून पुढं नुसता माळ आणि पवनचक्क्या.
पांढरे गमबूट, पांढऱ्या टोप्या,
सुऱ्या ब्याऐंशी अंशांच्या पाण्यात,
टांगल्या धडांमध्ये हातभर अंतर.
अन्सार कुरेशी, ज्याच्या आजोबांनी भद्रकालीत
एकाच ओंडक्यावर पन्नास वर्षं काढली,
तो टॅबलेटवर नोंदी करत होता
आणि कानावर तरीही पेन्सिल.

मी सरकारी. जनावरांचा डॉक्टर.
मेंढी निरोगी आहे, असं इंग्रजीत लिहून
खाली सही करणं हे माझं काम.

बोलणारा म्हणाला, छान, छान.
लिहिणाऱ्यानं बेसिनवर हात धुतले,
सावकाश, कोपरापर्यंत, आणि विचारलं,
हे पाणी कुठं जातं?

मॅनेजर पिंगळे यांनी नकाशा उलगडला.
नकाशात एक बाण होता.
बाण कागदाच्या कडेपर्यंत जात होता.

मग आम्ही पाचजण टोप्यांसकट बाहेर,
पाइपाच्या मागं मागं.
कुंपणाखालून, बाभळीतून, एका फुटक्या मोरीपाशी.
तिथं डबकं.
डबक्याला तोंड लावून चाळीसेक मेंढरं
आणि काठी टेकून म्हाळू कोळपे.
‘रामराम डॉक्टर. पाव्हणं हायेत?’

कुणाचीच मान वर होईना.
मागल्याच आठवड्यात मी या मेंढरांचं रक्त तपासून
दाखला दिला होता, खरा दाखला,
आणि त्यांच्या कानांत पिवळे बिल्ले,
बारा-बारा आकडे.
लिहिणाऱ्यानं एक बिल्ला वाचला.
वहीत अर्धं पान लिहिलं.

त्या अर्ध्या पानाची किंमत एकोणीस महिने.
टाकी आली, जाळ्या आल्या, क्लोरीन आलं,
पाण्याचे नमुने पुण्याला गेले, परत आले,
पुन्हा गेले.
एका मंगळवारी पत्र आलं, दोन ओळींचं.
बाजार खुला.
पिंगळ्यांनी पेढे वाटले, अन्सारनं मला मिठी मारली,
मुंबईहून फोन आला, अभिनंदन, देशाचं अभिनंदन.

पहिल्या खेपेचे खोके मी पाहिले.
वर भारत, खाली अरबी, मधे तारीख.
सिन्नर कुठंच नव्हतं.
म्हाळूला सांगितलं तर म्हणाला,
‘असू दे. पर त्या ढवळीला
डाव्या कानामागं तीळ होता,
तेवढं तरी लिवायचं.’

इकडं नाशकात मटण साठ रुपयांनी वर गेलं.
बायको म्हणते, तुम्हीच दार उघडलंत ना,
मग आणा आता पावशेर.

परवा टाकीकडं गेलो. पाणी आता काचेसारखं.
मोरीपाशी हिरवंगार गवत, डबकं तळापर्यंत दिसतं.
म्हाळूची मेंढरं लांबून वळसा घालून चाललेली.
‘का रे?’
‘पीत न्हाईत. वास येतो म्हनत्यात,
दवाखान्याचा.’

परत आलो. सत्तावीस दाखले टेबलावर.
सह्या केल्या.
शाई बोटांना लागली, म्हणून बेसिनवर गेलो
आणि नळ सोडून
जाळीखाली गोल फिरत उतरणाऱ्या निळ्या पाण्याकडं
बघत राहिलो.