आधी थरथर

खानापुरात, जांबोटी क्रॉसच्या अलीकडे
यल्लोजीचं गॅरेज.
तीन इंच उंचीच्या स्प्रिंगा मी जीपमधून उतरवल्या,
खोक्याची पट्टी फाडणार
तोच तो म्हणाला, "तडी."

कन्नडमधून थांबवलं की माणूस जास्त थांबतो.

पोराला बसवलं स्टिअरिंगवर: "हलीव. थोडंच. इकडं-तिकडं."
स्वतः खाली, पाठीला पोतं,
डोळे मिटून बोट ठेवलं ट्रॅक रॉडच्या सांध्यावर.
भातात खडा लागावा
तसा चेहरा झाला त्याचा.

"हितं खेळतंय बघ. केसाएवढं.
साठाला त्येच हातभर हुतंय.
ह्याच्यावर उंची चढीवलास तर
चोर्ल्याच्या वळणात जीप तुला इचारनार न्हाई
कुठं जायाचं म्हणून."

बुश नवे, बॉल जॉइंट नवा. अडीच तास.
स्प्रिंगा खोक्यातच, खोक्यावर चहाचे पेले.

मलप्रभेचा पूल ओलांडून साठ केले,
पासष्ट,
हात सोडले क्षणभर.
चाक गप्प.

अण्णांनी ही जीप कधी
पंचावन्नच्या वर नेली नाही.
आम्ही मागं बसून हसायचो,
त्याला त्यांचा स्वभाव म्हणायचो.