पायताण

नाताळचा विलायती अंक
कोल्हापुरात पोचेस्तोवर संक्रांत होऊन जायची.
आधी रेसिडेन्सीतला साहेब वाचणार, मग मडम,
मग कसर.
मग लिलाव.

तातोबा जिनगरानं, माझ्या खापरपणजोबानं,
साहेबाची दोन खोगिरं शिवून दिली
आणि मजुरीपोटी चार जुने अंक उचलून आणले.
इंग्रजी वाचता येत नव्हतं.
मराठीही बेताचंच.

एका अंकाच्या पोटात ही पोरगी निघाली,
चार घड्या घालून कोंबलेली.
लाल टोपडं, ओंजळीत थिजलेलं पाखरू,
आणि भोवती पांढरं, नुसतं पांढरं.
पेठ बघायला लोटली.
कुणी म्हणालं, पिंजलेला कापूस.
कुणी म्हणालं, मिठागर असणार.
डाकमुन्शी विसाजीपंतांनी सांगितलं, बर्फ.
तिकडं आभाळच भुगा होऊन खाली येतं.
तातोबा म्हणाला,
मग ही अनवाणी कशी?
मुन्शींना उत्तर आलं नाही.

चित्र तेव्हापासून आमच्या दुकानात.
खोगिरं संपली, घोडे संपले,
आता आम्ही फ्रेमा करतो, पापाच्या तिकटीजवळ,
वाढदिवस, श्रद्धांजली, दत्त, साईबाबा.

मागल्या महिन्यात पुण्याचे एक संग्राहक आले.
काच काढायला लावली, डोळ्याला भिंग लावलं.
हा गाल बघा, म्हणाले, नुसते ठिपके,
गुलाबी, निळे, पिवळे.
कागद बारा दगडांवरून बारा वेळा गेलाय,
आणि एक ठिपका हललेला नाही.
मी बघितलं. खरंच,
जवळून ती पोरगी नव्हतीच,
गुलाल उधळल्यावर हवेत राहतं तसलं काहीतरी.

मग ते घडीवर आले आणि थबकले.
रंग उडालेल्या रेघेत ठिपके नव्हते,
चुना होता.
पानाच्या डबीतला, बोटानं चोळलेला.
आणि खाली, पायांत,
केसाएवढ्या कुंचल्यानं काढलेली पायताणं:
अंगठा, पट्टा, दोन्हीकडं कान,
टाकासुद्धा मोजता येईल असा.

खराब केलंय कुणीतरी, ते म्हणाले.
नाहीतर चांगली किंमत आली असती.

पायताण शिवणं आपलं काम नव्हं,
असं तातोबा चारचौघांत ठासून सांगायचा म्हणे.
घरात तसं अजून सांगतात.

मी काच पुसून परत बसवली.
खिळे चार लागतात,
मी सहा मारले.